आपण कुठे उभे आहोत : एका परिच्छेदावरील भाष्य

सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी व्होडाफोन खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांनी स्वतःच्या आणि न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्राच्या अखेरीकडे आठ वाक्यांचा एक लहान परिच्छेद आहे. तो वगळला तरी निकाल बदलत नाही. पण परकीय भांडवल आणि देशातल्या संस्थांची गुणवत्ता यांचा संबंध इतक्या थोड्या शब्दांत मांडणारा दुसरा भारतीय मजकूर माझ्या वाचनात नाही. म्हणून त्याचे ओळीने भाष्य करतो. मूळ इंग्रजी वाक्यांचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे.

आधी प्रकरण. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधील कंपनीने हचिसनकडून केमन बेटांवरील सीजीपी या कंपनीचा एकुलता एक शेअर घेण्याचा करार केला. किंमत सुमारे ११ अब्ज डॉलर. त्या शेअरच्या खाली मॉरिशस आणि इतर ठिकाणच्या कंपन्यांची उतरंड होती आणि तळाशी मुंबईतली मोबाइल कंपनी हचिसन एस्सार. या व्यवहारातून तिच्यातला सुमारे ६७ टक्के हितसंबंध व्होडाफोनकडे आला. विकणारा परदेशी, घेणारा परदेशी, विकलेली वस्तूही परदेशी, पण तिचे मोल भारतातल्या मोबाइलधारकांमुळे. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की हचिसनला झालेल्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागतो आणि पैसे देताना तो कापून घेण्याची जबाबदारी व्होडाफोनची होती. मागणी व्याजासह ११,२१८ कोटी रुपयांची झाली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

पहिली ओळ : ज्या ठिकाणी कारभाराची चौकट भक्कम असते तिकडे थेट परकीय गुंतवणूक वाहते; कायदे करणे आणि न्यायव्यवस्था प्रत्यक्षात किती नीट चालते, हे दोन्ही त्या चौकटीत येते.

या ओळीत विधान आहे आणि व्याख्याही आहे. विधान अर्धे खरे आहे. व्याख्या मात्र पूर्ण मान्य करावी अशी.

विधानामागे मोठा अभ्यास आहे. रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्ये एक कोडे मांडले. भांडवल जिथे दुर्मीळ तिथे त्याचा परतावा जास्त, असे पाठ्यपुस्तक सांगते. त्या हिशेबाने भारतात भांडवलाचा सीमान्त परतावा अमेरिकेच्या सुमारे ५८ पट यायला हवा आणि जगातले सगळे भांडवल इकडे लोटायला हवे. तसे होत नाही. का होत नाही, याची अनेक उत्तरे दिली गेली. लॉरा अल्फारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती आकडेवारीवर तपासली, तेव्हा संस्थांची गुणवत्ता हे सर्वांत वजनदार कारण निघाले.

तरीही 'वाहते' हे क्रियापद जपून घ्यायला हवे. अंगोलाच्या समुद्रातले तेल काढायला कंपन्या गेल्या त्या तिथली न्यायालये पाहून गेल्या नाहीत. चीनमध्ये स्वतंत्र न्यायसंस्था नसताना कारखान्यांचे भांडवल दशकानुदशके आले, कारण कामगार, बंदरे, बाजारपेठ आणि स्थानिक सरकारांची उत्सुकता एकाच जागी होती. भारताचे आकडेही सरळ रेषेत चालत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या नोंदीनुसार २०११ मध्ये भारतात सुमारे ३६ अब्ज डॉलर आले आणि २०१२ मध्ये २४ अब्ज. व्होडाफोनचा निकाल मागून फिरवणारी वादग्रस्त करदुरुस्ती २०१२ चीच, म्हणून सगळी घट तिच्या माथी मारण्याचा मोह होतो. पण ते वर्ष युरोपातल्या कर्जसंकटाचे होते आणि जगभरच गुंतवणूक आटली होती. त्या दुरुस्तीचा पूर्वलक्षी भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला, आणि २०२३ मध्ये आकडा २८ अब्जांपर्यंत उतरला. खुद्द व्होडाफोनने, करवाद डोक्यावर असताना, २०१४ मध्ये आणखी सुमारे १०,००० कोटी रुपये घालून भारतीय कंपनीची मालकी १०० टक्क्यांवर नेली. बाजारपेठ मोठी असेल तर दुखावलेला गुंतवणूकदारही थांबतो.

मग संस्थांच्या गुणवत्तेने काय बदलते? माझ्या मते रकमेपेक्षा वाट अधिक बदलते. ज्याला यजमान देशाच्या न्यायव्यवस्थेचा भरवसा नाही तो येतो, पण आडवाटेने येतो. मध्ये मॉरिशस घालतो, नेदरलँड्स घालतो, म्हणजे करार मोडला तर तिसऱ्या देशाबरोबरच्या तहाचा आधार मिळतो आणि दाद परदेशी लवादापुढे मागता येते. सव्वाशे कोटींच्या देशात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत वर्षानुवर्षे मॉरिशससारखे छोटे बेट असावे, यात करबचतीचा वाटा मोठा होताच. पण अशा उतरंडीत यजमान देशाच्या कारभारावरचे मतही लिहिलेले असते, आणि वाट लांबली की वाटेवरच्या वकिलांचा, सल्लागारांचा खर्च शेवटी त्याच प्रकल्पातून निघतो.

आता व्याख्या. 'कायदे करणे' आणि 'व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते' हे दोन घटक कपाडियांनी शेजारी ठेवले, हे महत्त्वाचे. आपल्याकडे पहिल्याची वाण कधीच नव्हती. दुसऱ्याचे उदाहरण निकालाच्या दोनच महिने आधी समोर आले होते. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये पिपरवार येथील कोळसा खाणीसाठी कोल इंडियाशी करार केला. वाद झाला आणि २००२ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी आणि तो रद्द व्हावा यासाठी दिल्ली आणि कलकत्ता अशा दोन उच्च न्यायालयांत अर्ज गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील पडून राहिले. नऊ वर्षे गेली. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने भारताला जबाबदार धरले. न्याय नाकारला असे त्याने म्हटले नाही. हक्क मागण्याचे परिणामकारक साधन उपलब्ध करून दिले नाही, असे म्हटले. कोणी लाच घेतली नव्हती, कोणी कायदा मोडला नव्हता. फक्त तारीख लागत नव्हती. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या अखेरच्या अहवालात दिल्ली-मुंबईत करारभंगाचा दावा निकाली निघायला १,४४५ दिवस लागतात अशी नोंद होती. तो अहवाल पुढे इतर देशांच्या आकड्यांतील गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये बंद पडला. पण ज्यांनी आपल्या दिवाणी न्यायालयात एकदा तरी दावा लावला आहे त्यांना हे दिवस मोजून दाखवावे लागत नाहीत.

दुसरी आणि तिसरी ओळ : खात्री हा कायद्याच्या राज्याचा अविभाज्य भाग आहे, खात्री आणि स्थैर्य हा कोणत्याही करव्यवस्थेचा पाया आहे.

या दोन ओळी एकत्र घ्याव्यात. खात्री म्हणजे कर कमी असणे नव्हे, आणि कायदा कधीच न बदलणेही नव्हे. दर वर्षीच्या वित्त विधेयकाने करकायदा बदलतो आणि तो बदलायलाच हवा. प्रश्न बदल कोणत्या दिवसापासून, हा आहे.

निकालानंतर आठ आठवड्यांत, १६ मार्च २०१२ रोजी, प्रणव मुखर्जी यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यातल्या दुरुस्तीने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ९ ला एक स्पष्टीकरण जोडले. परदेशी कंपनीच्या शेअरचे मोल जर मोठ्या प्रमाणावर भारतातल्या मालमत्तेतून येत असेल, तर तो शेअर भारतातच असल्याचे मानले जाईल आणि तसे नेहमीच मानले गेले आहे असे समजले जाईल. हे 'नेहमीच' मागे जाऊन १ एप्रिल १९६२ ला, म्हणजे प्राप्तिकर कायदा लागू झाला त्या दिवसाला, पोहोचत होते. शिवाय न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी जुन्या मागण्या वैध ठरवणारे वेगळे कलमही वित्त कायद्यात होते. सरकारची पुनर्विलोकन याचिका २० मार्चला फेटाळली गेली. तोवर ती निरर्थक झाली होती.

सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. केमन बेटांवर भांडवली नफ्यावर कर नाही. म्हणजे भारतातल्या ग्राहकांच्या जोरावर झालेल्या अब्जावधींच्या नफ्यावर कुठेच कर नाही. हे कोणत्याही अर्थमंत्र्याला खुपावे. मुंबई उच्च न्यायालयालाही त्यात करपात्र भाग दिसला होताच, आणि दोन न्यायालयांचे मत वेगळे पडणे हा संस्थेचा दोष नसतो. संसदेला पूर्वलक्षी करकायदा करण्याचा अधिकारही आहे. घटनेचे कलम २०(१) पूर्वलक्षी शिक्षेला मनाई करते, कराला नाही. पण अधिकार असणे वेगळे आणि तो हरलेल्या पक्षकाराने आपल्याच खटल्यात वापरणे वेगळे. इथे करदाता आणि सरकार हे समोरासमोरचे वादी-प्रतिवादी होते. त्यातल्या एकाने निकाल लागल्यावर नियमच मागून बदलला. संस्थांची गुणवत्ता मोजायची असेल तर मी याच जागी मोजेन: हरल्यावर सरकार काय करते?

चौथी ओळ : करधोरणाविषयी खात्री असेल तरच परकीय गुंतवणूकदारांसह सर्व करदाते शहाणपणाचे आर्थिक निर्णय सर्वांत कार्यक्षमपणे घेऊ शकतात.

'परकीय गुंतवणूकदारांसह' हा शब्दप्रयोग वाचताना निसटतो. मूळ वाक्यात तो कंसात आहे. वाक्याचा कर्ता करदाता आहे, कुठलाही. अमळनेरचा तेलगिरणीवाला आणि ॲमस्टरडॅमची कंपनी दोघेही या वाक्याच्या छत्राखाली येतात. फरक इतकाच की कंपनीकडे द्विपक्षीय गुंतवणूक करार होता, गिरणीवाल्याकडे नव्हता. व्होडाफोनने भारत-नेदरलँड्स करार पुढे केला आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी लवादाने न्याय्य वागणुकीच्या हमीचा भंग झाल्याचे एकमताने ठरवले. त्याच दुरुस्तीखाली मागणी आलेल्या केर्न एनर्जीने ब्रिटनबरोबरचा करार पुढे केला. पूर्वलक्षी नियमाचाच फटका बसलेल्या देशी माणसाला मात्र जायला परदेशी लवादाचे दार नव्हते. म्हणून परकीय भांडवलासाठी म्हणून वेगळी खात्री देण्याची कल्पना मला मुळात अपुरी वाटते.

अनिश्चितता कराहून महाग का पडते, यावर शांग-जिन वेई यांचे १९९७ चे काम वाचण्यासारखे आहे. भ्रष्टाचाराची पातळी सारखीच असली तरी जिथे किती आणि कोणाला द्यावे लागेल हे ठरलेले नसते तिथे परकीय गुंतवणूक अधिक कमी होते, असे त्यांना आढळले. ठरलेला बोजा प्रकल्पाच्या किमतीत धरता येतो. न ठरलेला धरता येत नाही. त्यासाठी सरसकट जास्त परतावा मागितला जातो, आणि मग ज्या प्रकल्पांचा नफा बेताचा, रस्ते, पाणी, वीज असे, ते आधी गळतात.

पाचवी आणि सहावी ओळ : तहाच्या लाभांवर मर्यादा घालणे, कंपनीच्या आवरणाआडचा खरा व्यवहार पाहणे ही तत्त्वे धोरणाचा विषय आहेत, परस्परविरोधी मते टाळण्यासाठी त्या त्या सरकारने ती तहांत आणि कायद्यांत समाविष्ट करावीत.

निकालावर टीका करणारे या ओळी विसरतात. न्यायालयाने असा कर लावूच नका, असे कुठेही म्हटलेले नाही. हवा असेल तर लिहून लावा, असे म्हटले आहे. निकालात प्रत्यक्ष कर संहितेच्या २०१० च्या विधेयकाकडे बोट दाखवलेले आहे: अशा अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर लावण्याची तरतूद त्यात नव्याने सुचवलेली होती, म्हणजे ती जुन्या कायद्यात नव्हती, असा तो साधा तर्क. वाट दाखवलेली होती. ती पुढच्या तारखेपासून घेता आली असती.

लाभांवरील मर्यादेचा इतिहास तर या ओळीवरची टीपच आहे. मॉरिशसबरोबरच्या करतहात अशी मर्यादा नव्हती. खात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या, तेव्हा एप्रिल २००० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून मॉरिशसचे रहिवास प्रमाणपत्र पुरेसे मानले. त्याला आव्हान मिळाले, दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले. एकाच प्रश्नावर खाते, मंडळ आणि दोन न्यायालये अशी चार मते. सिंगापूरबरोबर मर्यादा २००५ मध्येच लिहिली गेली होती, मॉरिशसबरोबर ती यायला मे २०१६ उजाडले. त्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारतात करपात्र झाला आणि आधी घेतलेल्यांना हात लावला नाही. वाटाघाटी लांबल्या, पण बदल पुढच्या तारखेपासून होता. आकाश कोसळले नाही.

याउलट २०१२ ची दुरुस्ती घाईची होती हे तिच्या मजकुरातच दिसते. शेअरचे मोल भारतातून 'मोठ्या प्रमाणावर' येत असेल तर, असे लिहिले; पण मोठे म्हणजे किती, हे लिहिले नाही. ती ओळ ५० टक्क्यांवर आखायला २०१५ चा वित्त कायदा यावा लागला.

सातवी ओळ : आपण कुठे उभे आहोत हे गुंतवणूकदाराला कळायला हवे.

परिच्छेदातले हे सर्वांत छोटे वाक्य आणि माझ्या मते त्याचा गाभा. २०१४ मध्ये सरकार बदलले. नव्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की नवे बोजे टाकणारे पूर्वलक्षी बदल एरवी केले जाणार नाहीत. पण जुने कलम पुस्तकात तसेच राहिले, आणि २००६ मधल्या अंतर्गत पुनर्रचनेसाठी केर्नवर १०,२४७ कोटींची मागणी निघाली ती या आश्वासनानंतर, २०१५ मध्ये. केर्नचे शेअर विकले गेले, लाभांश जप्त झाला. डिसेंबर २०२० मध्ये लवादाने १.२ अब्ज डॉलर आणि त्यावर व्याज देण्यास सांगितले. पैसे मिळेनात म्हणून कंपनी पॅरिसच्या न्यायालयात भारत सरकारच्या मालकीच्या घरांवर आदेश मिळवून आली. तोंडी आश्वासन आणि छापील कलम यांत फरक असेल, तर अधिकारी कलमाप्रमाणे वागणार आणि गुंतवणूकदारही कलमच वाचणार.

हे वाक्य मला महाराष्ट्राकडे वळवूनही वाचावेसे वाटते, कारण आपल्या कोकणात त्याची दुसरी बाजू घडली आहे. १९९२ मध्ये एन्रॉनशी दाभोळ वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार झाला तो स्पर्धात्मक निविदा न काढता. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी मिळाली. डॉलरशी बांधलेला दर आणि वीज घेतली नाही तरी द्यायची रक्कम यांचा बोजा वीज मंडळाला पेलणार का, हा प्रश्न जागतिक बँकेने विचारला होता आणि कर्ज नाकारले होते. १९९५ मध्ये सरकार बदलले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प मोठा करून परत आला, आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या सगळ्यात कारभाराचे व्यापक अपयश पाहिले.

दाभोळची कथा 'सरकारने शब्द मोडला, गुंतवणूकदार पळाले' एवढीच सांगितली जाते तेव्हा मला राग येतो. शब्द देतानाच्या संस्था कमकुवत होत्या, म्हणून तो टिकला नाही. ज्या कराराचे तपशील अंजनवेल-वेलदूरच्या ग्रामस्थांना आणि वीजबिल भरणाऱ्यांना वेळेवर कळले नाहीत, ज्याची छाननी खुल्या स्पर्धेने झाली नाही, त्याला पुढचे सरकार, पुढचे न्यायालय, पुढचा ग्राहक बांधील मानणार कसे? परकीय कंपनीला सवलती देण्याची घाई आणि तिच्यावर मागून कर लादण्याची घाई या दोन्हींत एकच उणीव आहे: निर्णय घेणाऱ्याला अडवून कारण विचारणारी यंत्रणा नसणे. आपण कुठे उभे आहोत हे गुहागरच्या शेतकऱ्यालाही कळायला हवे होते.

आठवी ओळ : यामुळे करप्रशासनालाही करकायद्यांची अंमलबजावणी करायला मदत होते.

शेवटी जोडल्यासारखे वाटणारे हे वाक्य घटनांनी सर्वांत ठामपणे सिद्ध केले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने दुरुस्ती करून २८ मे २०१२ पूर्वीच्या अप्रत्यक्ष हस्तांतरणांवरील मागण्या मागे घेण्याची वाट काढली. अशी १७ प्रकरणे होती. वसूल केलेले सुमारे ८,१०० कोटी रुपये व्याजाविना परत द्यायचे ठरले, त्यातले सुमारे ७,९०० कोटी एकट्या केर्नचे. नऊ वर्षांच्या खटल्यांनंतर खात्याच्या हातात त्या कलमातून उरले ते जवळपास शून्य.

त्याच कलमाचा पुढच्या तारखांना लागू असलेला भाग मात्र शाबूत आहे, आणि तो चालतो. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलरला फ्लिपकार्टमधला ७७ टक्के वाटा घेतला. फ्लिपकार्टची मूळ कंपनी सिंगापूरची, विकणारे बहुतेक परदेशी, घेणारा अमेरिकी, मोल भारतातल्या ग्राहकांचे: व्यवहाराचा आराखडा २००७ चाच. पण या वेळी नियम आधी छापलेला होता. वॉलमार्टने पैसे देतानाच कर कापला आणि ७,००० कोटींहून अधिक रक्कम सरकारी तिजोरीत भरली. त्या विक्रीतला मोठा वाद न्यायालयात गेला तो एका मोठ्या भागधारकाच्या मॉरिशस कंपन्यांपुरता, आणि त्यांचा प्रश्न पाचव्या ओळीतला होता: शेअर १ एप्रिल २०१७ च्या आधी घेतलेले असतील तर तहाचे संरक्षण कुठवर पोहोचते?